भंडारा जिल्ह्यातील मोहाची दारू

मोहाची दारू हे मोह या वृक्षाच्या वाळवलेल्या फुलांपासून आंबवून व ऊर्ध्वपातन करून तयार केले जाणारे पारंपरिक मद्य होय. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या भंडारा जिल्ह्यात, तसेच गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या झाडीपट्टीतील जिल्ह्यांत ते दीर्घकाळापासून घरगुती पद्धतीने गाळले जाते. गोंड आणि इतर आदिवासी समाजांच्या जन्म, विवाह, मृत्यू व देवपूजेच्या विधींमध्ये त्याला स्थान आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय ते गाळणे, बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे, मध्य प्रदेशात, आदिवासी कुटुंबांना स्वतःच्या वापरापुरती दारू गाळण्याची मर्यादित सूट आहे. १९५६ पर्यंत हे दोन्ही प्रदेश एकाच राज्यात होते.

## नावे

मोहाला संस्कृतमध्ये 'मधूक' म्हणतात. मराठीत 'मोह' व 'मोहा' अशी दोन्ही रूपे रूढ आहेत. हिंदीत 'महुआ' म्हणतात. फुलांना 'मोहफूल', तर फळांना 'टोळ' किंवा 'टोळी' असे म्हटले जाते. इंग्रजी अमदानीतील कायद्यांत या फुलांचा उल्लेख 'म्होवरा' असा आढळतो आणि तोच शब्द मुंबई राज्याच्या दारूबंदी कायद्यातही उतरला.

आंबवण्यासाठी भिजत घातलेल्या फुलांच्या मिश्रणाला 'सडवा' म्हणतात. पूर्व विदर्भातील पोलिसांच्या नोंदींत व वृत्तपत्रांत त्यासाठी 'मोहपास' किंवा 'सडवा मोहपास' हे शब्द येतात. गाळताना प्रथम मिळणाऱ्या तीव्र दारूला 'पहिल्या धारेची' असे संबोधले जाते. गावठी दारू आणि हातभट्टीची दारू हे शब्द अधिक व्यापक असून त्यांत गूळ व इतर पदार्थांपासून केलेल्या दारूचाही समावेश होतो. मोहाची दारू आणि काळ्या गुळाची हातभट्टी या दोन भिन्न गोष्टी असल्या, तरी बोलण्यात व बातम्यांत त्यांची अनेकदा गल्लत होते.

## वृक्ष आणि फूल

मोहाचे शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया असे असून तो चिकूच्या, म्हणजे सॅपोटेसी, कुळातील आहे. हा पानझडी वृक्ष साधारण १५ ते २० मीटर उंच वाढतो. भंडारा जिल्ह्यात तो साकोली, लाखनी, तुमसर, पवनी आदी तालुक्यांतील जंगलांत, तसेच धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर आढळतो. शेतजमिनीसाठी इतर झाडे तोडली गेली, तरी मोह बहुधा राखला गेला. त्यामुळे मोकळ्या शेतात एकटा उभा असलेला जुना मोह हे या भागातील परिचित दृश्य आहे.

फाल्गुन-चैत्रात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, पाने झडून गेलेल्या फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फुलाचा पाकळ्यांचा भाग मांसल, फिकट पिवळसर आणि गोड असतो. तो पहाटेच्या सुमारास आपोआप गळतो. गळाल्यानंतरही बीजकोश झाडावरच राहत असल्याने फुले वेचल्यामुळे फळधारणेत बाधा येत नाही. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असतो. मद्यनिर्मितीसाठी हे फूल सोयीचे ठरते ते या शर्करेमुळेच.

## फुले वेचण्याचा हंगाम

भंडारा हा प्रामुख्याने धानाचा जिल्हा आहे. मोहफुलांचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी, अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांच्या हाताला शेतीतले काम कमी असताना येतो. त्यानंतर लगेच मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. या दोन वनोपजांवर अनेक कुटुंबांचा उन्हाळ्यातील खर्च अवलंबून असतो.

वेचणीचे काम पहाटे सुरू होते, कारण ऊन चढल्यावर फुले मऊ पडतात आणि गुरे व वन्यप्राणीही ती खातात. घरातील स्त्रिया व मुले टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. शेतातील झाड मालकाचे असते. जंगलातील झाडेही पुष्कळ गावांत परंपरेने ठरावीक कुटुंबांनी वाटून घेतलेली असतात आणि हा अलिखित हक्क सहसा पाळला जातो. वेचलेली फुले अंगणात काही दिवस कडक उन्हात वाळवतात. नीट वाळलेले फूल तांबूस तपकिरी होते व मनुक्यासारखे दिसते. ओलावा राहिल्यास त्याला बुरशी येते.

या कामाला दोन धोके जोडलेले आहेत. पहिला वन्यप्राण्यांचा. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, कोका अभयारण्य आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य यांच्या परिसरात पहाटेच्या अंधुक प्रकाशात वाकून फुले वेचणाऱ्या माणसाची वाघाशी किंवा अस्वलाशी गाठ पडू शकते. अस्वलाला मोहफुले विशेष प्रिय असल्याने तेही त्याच वेळी त्याच झाडाखाली येते. दुसरा धोका वणव्याचा. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची जुनी पद्धत आहे आणि ही आग पसरल्यास मोठे नुकसान होते. झाडाखाली जाळी किंवा कापड पसरून फुले गोळा केल्यास हा धोका टळतो, शिवाय फुले स्वच्छ मिळतात.

हंगामात फुलांची आवक एकदम होते व भाव पडतो. पैशाची निकड असलेले कुटुंब तेव्हाच व्यापाऱ्याला फुले विकते. पावसाळ्यात भाव चढल्यावर तीच फुले गावकऱ्यांना अधिक दराने विकत घ्यावी लागतात. मध्य भारतातील मोहफुलांच्या व्यापाराचे हे सर्वसाधारण चित्र आहे. फुले साठवण्याची सोय आणि ती बाळगण्याची कायदेशीर मुभा, या दोन गोष्टींच्या अभावाने वेचणाऱ्याची बाजू कमकुवत राहिली.

## दारू गाळण्याची रीत

आंबवणे : वाळलेली फुले पाण्यात भिजवून मातीच्या मडक्यात किंवा पिंपात झाकून ठेवतात. फुलांवर निसर्गतः असलेले यीस्ट शर्करेचे रूपांतर अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायूत करते. मिश्रण फसफसू लागते आणि त्याला आंबूस-गोड वास येतो. ही क्रिया उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत पूर्ण होते. थंडीत अधिक दिवस लागतात. फसफस थांबली आणि फुले तळाशी बसली की सडवा तयार झाला असे समजतात.

गाळणे : सडवा मोठ्या भांड्यात घालून चुलीवर मंद आचेवर तापवतात. या भांड्यावर तळाला छिद्रे असलेले दुसरे भांडे ठेवून त्यात दारू जमा होण्यासाठी एक लहान भांडे मांडतात. सर्वांत वर थंड पाण्याने भरलेले पात्र ठेवले जाते. सांधे ओल्या मातीने किंवा कापडाने लिंपतात. शुद्ध अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला, म्हणजे पाण्याच्या आधी, उकळत असल्याने वर येणाऱ्या वाफेत त्याचे प्रमाण अधिक असते. ही वाफ वरच्या थंड पात्राच्या बुडाला लागून थेंबांच्या रूपाने आतील भांड्यात पडते. वरचे पाणी गरम झाले की बदलावे लागते आणि किती वेळा पाणी बदलले यावरून दारूच्या तीव्रतेचा अंदाज बांधला जातो. दुसऱ्या पद्धतीत वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात ठेवलेल्या मडक्यात उतरवतात.

प्रत : आरंभीची दारू अधिक तीव्र व शेवटची सौम्य असते. तयार दारू रंगहीन असून तिला मोहफुलांचा धुरकट, गोडसर गंध असतो. फुलांची स्वच्छता, वाळवण, आच आणि गाळणाऱ्याचा अनुभव यांवर तिची प्रत अवलंबून असल्याने प्रत्येक घरची दारू निराळी असते. तिच्यातील अल्कोहोलच्या प्रमाणाला कोणतेही निश्चित मानक नसते.

## धार्मिक व सामाजिक स्थान

गोंड समाजात पेनपूजेच्या वेळी, तसेच पूर्वजांच्या स्मरणविधीत मोहाची दारू अर्पण करतात. पिण्यापूर्वी काही थेंब जमिनीवर सांडून धरती आणि पूर्वजांना दिले जातात. विवाहाची बोलणी, बारसे व मृत्यूनंतरचे विधी यांतही पाहुण्यांना ती देण्याची रीत आहे. विवाहमंडपात मोहाची फांदी उभारण्याची प्रथाही मध्य भारतातील अनेक आदिवासी समाजांत आढळते. नवीन मोहफुले देवाला वाहिल्याखेरीज वापरायची नाहीत, असा काही ठिकाणी संकेत असतो.

या चौकटीत दारू हे समूहाने, ठरावीक प्रसंगी आणि वडीलधाऱ्यांच्या उपस्थितीत घ्यावयाचे पेय होते. रोज विकत घेऊन पिण्याची सवय हा तुलनेने नंतरचा बदल होय. आदिवासी समाजातही याविषयी एकमत नाही. विधीपुरती दारू जपावी असे मानणारे आहेत, तसेच व्यसनामुळे झालेली हानी पाहून विधीतूनही ती वगळावी असा आग्रह धरणारे सुधारकही आहेत.

## इतिहास

### प्राचीन उल्लेख

मधूकपुष्पांपासून केलेल्या मद्याचे उल्लेख संस्कृत साहित्यात आढळतात. चरकसंहितेत मधूकासवाचा औषधी पाठ दिला आहे. मनुस्मृतीत सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगितले असून त्यांपैकी माध्वीचा अर्थ काही भाष्यकार मोहफुलांची सुरा असा घेतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये वर्णिली आहेत. मद्यनिर्मितीवर राज्याचे नियंत्रण सांगतानाच, गृहस्थांना विशेष प्रसंगी घरगुती सुरा व औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा द्यावी, तसेच उत्सव व यात्रांच्या वेळी चार दिवसांची सवलत द्यावी, असे त्यात म्हटले आहे. घरगुती गाळप आणि विक्री यांत भेद करावा, हा विचार त्यामुळे नवा नाही.

### ब्रिटिश काळ

नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यानंतर भंडारा हा प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात गेला आणि १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात समाविष्ट झाला. मद्यावरील कर, म्हणजे अबकारी, हे सरकारी उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन होते. आरंभी ठरावीक क्षेत्रात दारू गाळून विकण्याचा मक्ता लिलावाने दिला जाई. पुढे सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्यांत गाळप करून दुकानांना पुरवठा करण्याची पद्धत वाढवण्यात आली. परिणामी घरी गाळलेली दारू बेकायदा ठरली आणि तेच मद्य मक्तेदाराच्या दुकानातून कर भरून विकत घेणे कायदेशीर ठरले.

रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात (१९१६) मद्य गाळणे व विकणे हा परंपरागत व्यवसाय असलेल्या कलार समाजाची माहिती आहे. या समाजाने पुढे शेती, व्यापार व नोकरी या क्षेत्रांत स्थान मिळवले.

मुंबई इलाख्यात नियंत्रण याहूनही पुढे गेले. १८९२ च्या म्होवरा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत दारूबरोबरच मोहफुले बाळगण्यावरही निर्बंध आणले. फूल हे अन्न आहे की दारूचा कच्चा माल, या वादाचा आरंभ तेथे झाला.

### स्वातंत्र्योत्तर काळ

मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू झाला, तेव्हा भंडारा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. १९५० पासून हा प्रदेश मध्य प्रदेश राज्याचा भाग झाला व १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भासह द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर मुंबईचा दारूबंदी कायदा विदर्भालाही लागू करण्यात आला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली आणि तोच कायदा पुढे चालू राहिला. त्यात मद्याबरोबर मोहफुलांच्या वाहतुकीवर, विक्रीवर व बाळगण्यावरही नियंत्रणाची तरतूद होती. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा स्वतंत्र झाला.

## कायदेशीर स्थिती

महाराष्ट्र दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ नुसार विनापरवाना मद्यनिर्मिती, विक्री आणि त्यासाठीचे साहित्य बाळगणे दंडनीय आहे. जिल्ह्यात या कलमाखाली सडवा व भट्टीचे साहित्य नष्ट केल्याच्या कारवाया नियमितपणे होतात. विधीसाठी थोडी दारू गाळणारे कुटुंब आणि विक्रीसाठी मोठी भट्टी चालवणारा धंदेवाईक, असा भेद कायदा करत नाही.

शेजारच्या जिल्ह्यांची स्थिती वेगवेगळी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून संपूर्ण दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली. भंडाऱ्यात जिल्हाव्यापी दारूबंदी नसून परवानाधारक देशी व विदेशी मद्याची दुकाने आहेत. येथे कारखान्यात तयार झालेली दारू परवान्यावर मिळते; गावात गाळलेली मोहाची दारू मात्र अवैध आहे.

पेसा कायद्याने (१९९६) अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना मादक पदार्थांवर बंदी घालण्याचे किंवा त्यांचे नियमन करण्याचे, तसेच गौण वनोपजाच्या मालकीचे अधिकार दिले. भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नसल्याने येथील गोंड वस्त्यांना या तरतुदीचा लाभ मिळत नाही. वनहक्क कायद्याने (२००६) मात्र गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क येथेही मिळू शकतो आणि मोहफुले त्यात मोडतात.

२०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, बाळगणे व त्यांची वाहतूक करणे यांवरील निर्बंध हटवण्याचा निर्णय घेतला. फुलांपासून खाद्यपदार्थ करणाऱ्या बचत गटांना त्यामुळे मार्ग मोकळा झाला. दारू गाळण्यावरील बंदीत या निर्णयाने बदल झालेला नाही.

## विरोध आणि आरोग्य

गावठी दारूला सर्वांत ठाम विरोध गावातील स्त्रियांनी केला आहे. मजुरीचे पैसे भट्टीवर जाणे, घरातील मारहाण आणि अकाली मृत्यू ही त्यामागील कारणे आहेत. परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी राज्यात मतदानाची तरतूद असून ते 'उभी बाटली, आडवी बाटली' या नावाने ओळखले जाते. अवैध भट्ट्यांना मात्र ही तरतूद लागू पडत नाही. त्यासाठी २०१६ च्या दुरुस्तीने ग्रामरक्षक दलाची तरतूद करण्यात आली. दारू गाळून विकणाऱ्यांतही अनेक ठिकाणी विधवा व निराधार स्त्रिया असतात. त्यामुळे भट्टी फोडली की एका घराचा त्रास थांबतो, तर दुसऱ्या घराची चूल अडते. पर्यायी रोजगाराची मागणी दारूबंदीच्या मागणीबरोबर वारंवार येते, ती यामुळेच.

मोहाची दारू नैसर्गिक असल्याने निरुपद्रवी किंवा औषधी आहे, हा समज चुकीचा आहे. इतर कोणत्याही मद्याप्रमाणे तिच्या अतिसेवनाने यकृताचे विकार व व्यसनाधीनता होते. अधिक धोका भेसळीचा असतो. विक्रीच्या भट्ट्यांत लवकर आंबावे व नशा वाढावी म्हणून गूळ, नवसागर आणि इतर रसायने मिसळली जातात. औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यास अंधत्व किंवा मृत्यू ओढवतो. २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे शंभराहून अधिक लोकांचा बळी घेणारी दारू अशीच मिथेनॉलयुक्त होती. मोहफुलांशी तिचा संबंध नव्हता. गाळप लपूनछपून होत असल्याने दारूच्या दर्जाची तपासणी करण्याची कोणतीही व्यवस्था अस्तित्वात येऊ शकत नाही.

## फुलांचे अन्य उपयोग

मोहफूल हे मुळात अन्न आहे. टंचाईच्या काळात वाळलेली फुले भाजून किंवा शिजवून खाल्ली जात. पिठात मिसळून भाकरी, तसेच तीळ घालून लाडू केले जातात. अलीकडे बचत गट लाडू, सरबत, जॅम व मनुके तयार करतात. गाळल्यानंतर उरलेला चोथा गुरांना घालतात. पावसाळ्याच्या तोंडावर मिळणाऱ्या टोळीच्या बियांपासून तेल काढतात. ते खाण्यासाठी, दिव्यासाठी व साबणासाठी वापरले जाते, तर पेंड खत म्हणून उपयोगी पडते.

## अन्य प्रदेशांतील धोरणे

मध्य प्रदेश शासनाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज मद्य' असा दर्जा देऊन आदिवासी बचत गटांना उत्पादनाचे परवाने दिले. अलीराजपूर जिल्ह्यातील 'मोंड' व दिंडोरी जिल्ह्यातील 'मोहुलो' ही त्यातून आलेली उत्पादने होत. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील डहाणू येथील एका मद्यनिर्मिती कंपनीने २०२४ मध्ये मोहाचे मद्य महागड्या बाटलीत बाजारात आणले. परवाना व भांडवल असलेल्या कारखान्याला जे शक्य झाले, ते फुले वेचणाऱ्या कुटुंबाला अद्याप शक्य नाही.

गोव्यातील काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये गोवा शासनाने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. तेथे लहान भट्ट्या परवान्याखाली चालत आल्या आहेत. जपानमध्ये १९९४ पूर्वी बिअरच्या परवान्यासाठी वर्षाला किमान २० लाख लिटर उत्पादनाची अट होती. ती ६० हजार लिटरवर आणताच गावोगावी लहान मद्यशाळा निघाल्या व 'जी-बीरू', म्हणजे स्थानिक बिअर, हा प्रकार रूढ झाला. लहान उत्पादकाला वैध स्थान मिळते की नाही हे परवान्याच्या किमान मर्यादेवर अवलंबून असते, असे या उदाहरणांवरून दिसते. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात असे धोरण आणायचे झाल्यास घरगुती विधीसाठीची सूट, लहान गटांना परवाना, दर्जाची तपासणी आणि गावातील स्त्रियांच्या संमतीचा अधिकार हे चार प्रश्न एकत्रितपणे हाताळावे लागतात.

## हेही पाहा

* मोह (वृक्ष)
* झाडीपट्टी
* महाराष्ट्र दारूबंदी कायदा
* वनहक्क कायदा
* फेणी
* तेंदूपत्ता